प्रदूषणाला उगमापाशीच आळा : रासायनिक उत्पादन प्रक्रियांची पारख

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचे गाव आहे. १९८८ च्या सुमारास या गावाच्या परिसरात 'एच-आम्ल' या रसायनाचे उत्पादन सुरू झाले. कापडाचे रंग तयार करण्यासाठी हे रसायन लागते. उत्पादन अल्पकाळच चालले. तथापि तेवढ्या अवधीत आसपासच्या विहिरींच्या पाण्याचा रंग पालटला. ते पाणी माणसांना पिण्यास, गुरांना पाजण्यास आणि शेतीला देण्यास निरुपयोगी झाले. जमिनीही बिघडल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला. ज्याने प्रदूषण केले त्यानेच ते निस्तरण्याचा खर्च सोसावा, हे तत्त्व या निकालाने आपल्या देशात दृढ झाले. पुढे या खर्चाची रक्कम ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरली. ती व्याजासह भरावी असा आदेश २०११ सालीही न्यायालयाला द्यावा लागला.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच 'नीरी'ने, या परिसराची पाहणी केली होती. तिच्या अहवालातील आकडे न्यायालयाच्या निकालपत्रात आले आहेत. ३७५ टन एच-आम्ल तयार होताना सुमारे ८,२५० घनमीटर सांडपाणी आणि सुमारे २,४४० टन गाळ निर्माण झाला. भागाकार करून पाहिला तर एक टन मालामागे साडेसहा टन गाळ आणि बावीस हजार लिटर दूषित पाणी, असा हिशेब निघतो. कारखाना कागदोपत्री एच-आम्लाचा होता. वजनाच्या दृष्टीने पाहिल्यास तो गाळाचा कारखाना होता आणि एच-आम्ल हे त्याचे अल्पसे उत्पादन होते, असे म्हणावे लागेल.

हा गाळ कोणाच्या निष्काळजीपणामुळे निर्माण झाला नव्हता. तो उघड्यावर टाकण्यात निष्काळजीपणा झाला, हे खरे. परंतु गाळाची निर्मिती मात्र उत्पादनाच्या रीतीतच अनुस्यूत होती. नॅप्थलीनवर गंधकाम्लाची प्रक्रिया करावयाची, जादा उरलेले आम्ल चुन्याने शमवावयाचे, पुढे लोखंडाचा कीस वापरून क्षपण करावयाचे, अशी ती रीत होती. चुन्यापासून जिप्समचा गाळ होतो आणि लोखंडापासून लोहगाळ होतो. ज्या दिवशी ही रीत निवडली गेली, त्याच दिवशी बिछडीच्या वाट्याला किती गाळ येणार हे ठरून गेले होते. त्या वेळी तेथे कारखान्याची एक भिंतही उभी नसेल.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. रासायनिक कारखान्याचे प्रदूषण नाल्याच्या तोंडाशी मोजण्याआधी त्याच्या उत्पादन प्रक्रियेची पारख कशी करावी आणि या कामी अधिकारी, शिक्षक व पंचायतींचे सदस्य यांना काय करता येईल, याचा येथे विचार करावयाचा आहे.

पदार्थ नाहीसा होत नाही

प्रदूषण म्हटले की सांडपाणी प्रक्रिया केंद्र, उंच धुराडे आणि गाळ पुरण्याची जागा या गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर येतात. त्या आवश्यकच आहेत. परंतु त्यांच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. रासायनिक क्रियेत पदार्थाचे रूप बदलते, एकूण वजन बदलत नाही, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हाझिए याने अठराव्या शतकातच प्रस्थापित केला. सांडपाण्यातील विष पाण्यातून काढले की ते गाळात येते. गाळ जाळला की त्याचा काही भाग हवेत जातो आणि उरलेला राखेत राहतो. राख पुरली की ती जमिनीत जाते. प्रत्येक पायरीवर खर्च होतो, आणि पुष्कळदा प्रश्न सुटण्याऐवजी केवळ त्याची जागा बदलते.

याचे जुने उदाहरण इंग्लंडमधील आहे. काच आणि साबण यांच्या कारखान्यांना लागणारा सोडा एकोणिसाव्या शतकात लब्लां पद्धतीने तयार होत असे. मीठ, गंधकाम्ल, चुनखडी आणि कोळसा हा तिचा कच्चा माल होता. रासायनिक समीकरणानुसार या पद्धतीत एक टन सोड्यामागे सुमारे ६९० किलो हायड्रोजन क्लोराइड हा आम्लवायू आणि सुमारे ६८० किलो कॅल्शियम सल्फाइड हा टाकाऊ पदार्थ निर्माण होतो. आम्लवायूमुळे आसपासची झाडे आणि पिके करपत. टाकाऊ पदार्थाच्या ढिगाऱ्यांना सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येई. लोकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा १८६३ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून या वायूपैकी किमान ९५ टक्के भाग कारखान्यातच अडविण्याचे बंधन घातले. कारखानदारांनी वायू पाण्यात शोषून घेण्यास सुरुवात केली. हवा सुधारली, परंतु ते आम्लयुक्त पाणी पुष्कळ ठिकाणी ओढ्यानाल्यांत गेले.

या प्रश्नाचे उत्तर शेवटी दुसऱ्या उत्पादन पद्धतीने दिले. बेल्जियममधील अर्नेस्ट सॉल्वे यांनी १८६१ साली मीठ, चुनखडी व अमोनिया यांवर आधारलेली पद्धत पुढे आणली. तीत आम्लवायू निर्माणच होत नाही आणि अमोनिया पुनःपुन्हा वापरता येतो. कालांतराने लब्लां पद्धत मागे पडली. सॉल्वे पद्धतही सर्वस्वी निर्दोष नाही, कारण तीत कॅल्शियम क्लोराइडचे क्षारयुक्त पाणी उरतेच. परंतु पिके करपविणारा वायू मुळातच टळला. कायद्याने जे अर्धेमुर्धे साधले होते, ते प्रक्रिया बदलल्याने पूर्णत्वास गेले.

हिशेबाची पहिली पायरी : वजनांचा ताळेबंद

प्रस्तुत लेखकाचे शिक्षण कला शाखेचे आहे. रसायनशास्त्राशी त्याचा संबंध शालान्त परीक्षेपुरताच आला. असे असूनही हा विषय त्याला समजू शकला, याचे कारण त्याची पहिली पायरी बेरीज-वजाबाकीची आहे. आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या सभासदांना हा हिशेब चांगला परिचयाचा आहे. १०० टन ऊस गाळला तर साधारणपणे १० ते ११ टन साखर, ३० टनांच्या आसपास बगॅस, चार टनांच्या आसपास मळी आणि तीन-चार टन प्रेसमड मिळतो. उरलेले मुख्यतः उसातील पाणी असते. आत गेले त्याचा बाहेर हिशेब लागलाच पाहिजे. बगॅस बॉयलरमध्ये जळतो, मळी आसवनीत जाते, प्रेसमड खतात जातो. ज्याला जागा मिळाली नाही, ते ओढ्यात जाते.

हाच ताळेबंद रासायनिक कारखान्याला लावून पाहावा. उदाहरणादाखल ॲनिलीन हे रसायन घेऊ. रंग, औषधे आणि रबर उद्योगातील रसायने यांसाठी ते लागते. नायट्रोबेंझीनपासून ते तयार होते आणि त्यासाठी दोन पद्धती सर्वज्ञात आहेत. पुढील आकडे रासायनिक समीकरणांवरून काढलेले आहेत. शास्त्रशिक्षकांना ते अणुभारांच्या साहाय्याने फळ्यावर पडताळून पाहता येतील.

पहिली पद्धत लोखंडाच्या किसाची. फ्रेंच शास्त्रज्ञ बेशां यांनी १८५४ साली ती शोधून काढली. एक टन ॲनिलीनसाठी १,३२२ किलो नायट्रोबेंझीन, १,३५० किलो लोखंड आणि १९३ किलो पाणी लागते. एकूण २,८६५ किलो माल आत जातो. त्यातून १,००० किलो ॲनिलीन आणि १,८६५ किलो लोहभस्म, म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, बाहेर पडतो.

दुसरी पद्धत हायड्रोजनीकरणाची. एक टन ॲनिलीनसाठी तेवढेच १,३२२ किलो नायट्रोबेंझीन आणि केवळ ६५ किलो हायड्रोजन वायू लागतो. निकेल किंवा पॅलेडियम यांसारखा उत्प्रेरक वापरावा लागतो. तो क्रियेत खर्ची पडत नाही. एकूण १,३८७ किलो माल आत जातो आणि त्यातून १,००० किलो ॲनिलीन व ३८७ किलो पाणी बाहेर पडते.

माल तोच, मुख्य कच्चा मालही तोच. एका पद्धतीत पावणेदोन टनांहून अधिक गाळ उरतो, तर दुसरीत पाणी उरते. या पाण्यात ॲनिलीनचा अंश राहत असल्याने तेही शुद्ध करावे लागते. परंतु दोन्हींमधील अंतर कोणाच्याही ध्यानात येईल असे आहे. प्रत्यक्ष कारखान्यात लोखंड हिशेबापेक्षा अधिक वापरावे लागते आणि गाळ ओला असतो व रसायनांनी माखलेला असतो. म्हणून प्रत्यक्षातील वजन समीकरणाच्या आकड्याहून जास्तच भरते. बिछडीच्या लोहगाळाचे मूळही याच जातीच्या क्रियेत आहे.

या उदाहरणाची आणखी एक बाजू नमूद केली पाहिजे. जर्मनीत १९२५ च्या सुमारास लाउक्स नावाच्या रसायनज्ञाने लोखंडाच्या पद्धतीत असा फेरफार केला की, उरणाऱ्या लोहभस्मापासून उत्तम रंगद्रव्य मिळू लागले. म्हणजे गाळाला बाजार मिळाला. यास्तव उपपदार्थ निर्माण होतो एवढ्यावरून प्रक्रिया त्याज्य ठरत नाही. त्याला खरोखरीचा ग्राहक आहे काय, हे पाहावे लागते. 'गाळ विकला जाईल' असे प्रकल्पाच्या अहवालात लिहिलेले असेल, तर तो कोण, किती आणि कोणत्या कामासाठी विकत घेणार, हे विचारणे क्रमप्राप्त आहे.

चांगला उतारा फसवा असू शकतो

कारखानदार आपल्या प्रक्रियेचा उतारा ९० किंवा ९५ टक्के असल्याचे सांगतात. साखरेच्या उताऱ्याची सवय असल्याने आपल्याला हा आकडा समाधानकारक वाटतो. परंतु येथे सावध राहिले पाहिजे. वरील लोखंडाच्या पद्धतीत उतारा पूर्ण १०० टक्के आला, तरी १,८६५ किलो लोहभस्म निर्माण होणारच. उतारा केवळ एवढेच सांगतो की, मुख्य कच्च्या मालापासून जेवढा माल मिळणे शक्य होते, त्यापैकी किती मिळाला. बाकीच्या पदार्थांचे काय झाले, याविषयी तो मौन पाळतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी दोन मापे रूढ झाली आहेत. अमेरिकन शास्त्रज्ञ बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ साली अणु-काटकसरीची कल्पना मांडली. आत गेलेल्या पदार्थांच्या अणूंपैकी वजनाने किती टक्के अणू तयार मालात उतरतात, हे तीवरून कळते. वरील दोन पद्धतींत हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ३५ टक्के आणि ७२ टक्के येते. दुसरे माप रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली मांडले. एक किलो मालामागे किती किलो टाकाऊ पदार्थ निघतो, एवढाच त्याचा अर्थ. शेल्डन यांनी केलेल्या तुलनेत खनिज तेलाच्या शुद्धीकरणात हे प्रमाण ०.१ पेक्षाही कमी होते. मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या रसायनांत ते एक ते पाच, सूक्ष्म रसायनांत पाच ते पन्नास आणि औषधनिर्मितीत पंचवीस ते शंभरपर्यंत आढळले.

पंचायतीच्या सदस्यांनी या आकड्यांतून एक बोध घ्यावयास हवा. कारखाना लहान म्हणून प्रदूषणही अल्प, असे समीकरण मांडता येत नाही. दिवसाला काही शे किलो माल काढणारा छोटा कारखाना आपल्या मालाच्या मानाने तेलशुद्धीकरण कारखान्याहून शेकडो पटींनी अधिक टाकाऊ पदार्थ निर्माण करू शकतो.

प्रक्रिया सुधारल्याने काय साधते, याचे एक समाधानकारक उदाहरण आयब्युप्रोफेन या वेदनाशामक औषधाचे आहे. त्याची जुनी पद्धत सहा पायऱ्यांची होती आणि तीत वापरलेल्या पदार्थांपैकी वजनाने सुमारे ४० टक्केच भाग औषधात उतरत असे. १९९२ मध्ये अमेरिकेतील एका कारखान्यात तीन पायऱ्यांची नवी पद्धत सुरू झाली. तीत हे प्रमाण सुमारे ७७ टक्के आहे. शिवाय उरणारे ॲसेटिक आम्ल परत मिळवून वापरता येते. औषधाच्या गुणात काहीही फरक पडला नाही.

वजनाबरोबर स्वभावही पाहावा

ताळेबंदाने प्रमाण कळते, धोका कळतोच असे नाही. एक टन जिप्सम आणि एक किलो पारा यांची तुलना केवळ तराजूने करता येणार नाही. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा तयार करण्याच्या एका जुन्या पद्धतीत पाऱ्याचा उपयोग होत असे आणि त्यातील काही पारा सांडपाण्यातून व वाफेतून बाहेर जाई. पुढे पटलाच्या साहाय्याने हे काम पाऱ्याविना होऊ लागले. भारतातील कारखान्यांनीही क्रमाक्रमाने पाऱ्याची पद्धत सोडून पटलाची पद्धत स्वीकारली. सांडपाण्यातील पारा गाळून काढण्याच्या खटाटोपापेक्षा कारखान्यात पारा न आणणे केव्हाही श्रेयस्कर.

साठ्याचा प्रश्नही याच प्रकारचा आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथे जो वायू सुटला, तो मिथाइल आयसोसायनेट हा तयार माल नव्हता. कार्बारिल हे कीटकनाशक बनविताना मधल्या पायरीवर तयार होणारा तो पदार्थ होता आणि एका टाकीत त्याचा सुमारे ४० टन साठा होता. मिथाइल अमाइन, फॉस्जीन व नॅप्थॉल या तीन पदार्थांपासून कार्बारिल तयार होते. मिथाइल अमाइन व फॉस्जीन यांचा संयोग आधी घडविला, तर मिथाइल आयसोसायनेट तयार होते. नॅप्थॉल व फॉस्जीन यांचा संयोग आधी घडवून नंतर मिथाइल अमाइन मिसळले, तरीही शेवटी कार्बारिलच मिळते. वाटेत मिथाइल आयसोसायनेट येत नाही. ही दुसरी रीत त्या काळी ज्ञात होती. फॉस्जीन हा विषारी वायू दोन्ही रीतींत वापरावा लागतो, म्हणून दुसरी रीतही निर्धोक म्हणता येणार नाही. परंतु केवळ क्रम बदलल्याने एक महाभयंकर पदार्थ कारखान्यातून हद्दपार होऊ शकत होता. प्रक्रियेची निवड ही केवळ तंत्रज्ञांची खासगी बाब मानणे समाजाला किती महाग पडते, हे त्या रात्री दिसून आले.

विचारावयाचे सात प्रश्न

वरील विवेचनावरून कोणत्याही रासायनिक प्रकल्पाची प्राथमिक पारख करण्यासाठी पुढील प्रश्न उपयोगी पडतील.

(१) उत्पादनाच्या पायऱ्या किती? प्रत्येक पायरीवर काय आत जाते आणि काय बाहेर येते? एकंदर आकड्यांवर समाधान न मानता पायरीवार ताळेबंद मागावा.

(२) एक टन मालामागे पाणी किती लागते, सांडपाणी किती निघते आणि गाळ किती उरतो?

(३) आत गेलेले आणि बाहेर आलेले वजन जुळते काय? जुळत नसेल, तर तफावतीचा माल हवेत, पाण्यात की जमिनीत जातो?

(४) आम्ल शमविण्यासाठी अल्कली किंवा चुना किती वापरला जातो? यातून क्षार निर्माण होतात. पाण्यात विरघळलेले क्षार सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने चालणाऱ्या प्रक्रिया केंद्रात नाहीसे होत नाहीत. ते नदीत, आणि तेथून शेतात, पोहोचतात.

(५) द्रावके कोणती वापरली जातात आणि त्यांपैकी किती परत मिळविली जातात? परत न मिळालेले द्रावक बहुधा हवेत किंवा सांडपाण्यात गेलेले असते.

(६) मधल्या पायऱ्यांवर कोणते घातक पदार्थ तयार होतात? त्यांचा साठा केला जातो, की तयार होताच ते पुढील पायरीवर वापरले जातात?

(७) हाच माल तयार करण्याची दुसरी पद्धत आहे काय? असल्यास ती का स्वीकारली नाही?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सहसा विचारला जात नाही.

कायद्यातील आधार

हे प्रश्न विचारण्यास कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्राने १९६९ सालीच जलप्रदूषण प्रतिबंधाचा अधिनियम केला आणि १९७० मध्ये राज्यात प्रदूषण नियंत्रणाचे मंडळ स्थापन झाले. त्यानंतर केंद्राचे १९७४ व १९८१ चे जल व वायु अधिनियम आले. या दोन्ही अधिनियमांच्या नावांत 'प्रतिबंध' हा शब्द आधी आणि 'नियंत्रण' हा शब्द नंतर आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. व्यवहारात मात्र आपण पुष्कळदा नियंत्रणापासूनच सुरुवात करतो. केंद्र शासनाने फेब्रुवारी १९९२ मध्ये जाहीर केलेल्या प्रदूषणविषयक धोरणात उगमापाशीच प्रदूषण रोखण्यावर भर देण्यात आला. त्याच वर्षी पर्यावरण संरक्षण नियमांत दुरुस्ती होऊन उद्योगांनी दरवर्षी पर्यावरणविषयक विवरणपत्र मंडळाला सादर करण्याचा दंडक घालण्यात आला. एक एकक मालामागे पाणी किती व कच्चा माल किती वापरला, हे या विवरणपत्रात नमूद करावयाचे असते. मागील वर्षाचा आकडाही शेजारीच द्यावयाचा असतो. वर्षानुवर्षांचे आकडे एकापुढे एक मांडले, तर कारखाना सुधारतो आहे किंवा नाही हे तज्ज्ञ नसलेल्या अधिकाऱ्यासही कळू शकते. ही विवरणपत्रे केवळ नस्तीत लावून ठेवल्याने त्यांचा हेतू सफल होत नाही.

पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेने रंग व रंगांसाठी लागणारी रसायने यांसारख्या प्रकल्पांना पूर्वमंजुरी आवश्यक केली. प्रकल्पाच्या अहवालात तंत्र आणि जागा यांच्या पर्यायांचे विश्लेषण असावे, असा आराखडा या अधिसूचनेने घालून दिला आहे. जेथे लोकसुनावणी लागू असते, तेथे अहवालाचा मसुदा व स्थानिक भाषेतील सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद इत्यादी ठिकाणी पाहावयास ठेवला जातो. मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतींतील प्रकल्पांना मात्र सुनावणीतून सूट आहे. सुनावणीत नोकऱ्या किती मिळणार आणि रस्ता कोण करणार हे प्रश्न हिरिरीने विचारले जातात, आणि ते योग्यच आहेत. त्यांच्या जोडीला अहवालातील पर्यायांचे प्रकरण उघडून सातवा प्रश्न विचारला, तर सुनावणीला अधिक अर्थ येईल. सुनावणी नसेल तेथे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मंडळाकडून संमतिपत्र व विवरणपत्र यांच्या प्रती मागता येतात. व्यापारी गुपिताला कायद्याने संरक्षण दिले असले, तरी व्यापक सार्वजनिक हित सिद्ध झाल्यास ती माहितीही देता येते.

लहान उद्योजकाची अडचण

आपल्या राज्यात अंबरनाथ, डोंबिवली, तारापूर, तळोजे, रोहे, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ आदी ठिकाणी रासायनिक उद्योग एकवटलेले आहेत. त्यांवर हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालतो. त्यांतील लहान उद्योजकाची बाजूही सहानुभूतीने समजून घेतली पाहिजे. लोखंडाचा कीस स्वस्त मिळतो आणि त्यासाठी साधे भांडे पुरते. हायड्रोजनीकरणासाठी दाबाखाली चालणारी मजबूत पात्रे, महाग उत्प्रेरक आणि प्रशिक्षित कामगार लागतात. हायड्रोजन ज्वालाग्राही असल्याने स्फोटाचा धोकाही असतो. अपुऱ्या तयारीने केलेला बदल जुन्या प्रक्रियेहून घातक ठरू शकेल. म्हणून असे बदल अभ्यासपूर्वक आणि टप्प्याटप्प्याने झाले पाहिजेत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि नागपूरची 'नीरी' यांसारख्या संस्था राज्यातच आहेत. एकच माल काढणाऱ्या अनेक उद्योजकांनी एकत्र येऊन त्यांचा सल्ला घेतला, तर एकट्याला न झेपणारा खर्च वाटून घेता येईल.

परंतु 'जुनी पद्धत स्वस्त पडते' या विधानाची एकदा नीट तपासणी व्हावयास हवी. ती स्वस्त दिसते, कारण गाळाचा खर्च कारखान्याच्या वहीत मांडलेला नसतो. तो खर्च कोणीतरी भरतोच. बिछडीत तो विहिरींच्या मालकांनी प्रथम भरला. न्यायालयाने तो पुन्हा कारखानदारांच्या नावे टाकेपर्यंत कित्येक वर्षे लोटली. एक टन मालामागे साडेसहा टन गाळ सुरक्षितपणे वाहून नेण्याचा, पुरण्याचा आणि त्यावर कायम देखरेख ठेवण्याचा खर्च आरंभीच हिशेबात धरला, तर पुष्कळ 'स्वस्त' प्रक्रिया महाग ठरतील.

शाळेतील एक तास

शिक्षकांना या कामी मोठा वाटा उचलता येईल. त्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. चुन्याच्या भट्टीचे उदाहरण घ्यावे. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ किलो चुना मिळतो. उरलेले ४४ किलो कोठे गेले, असे मुलांना विचारावे. ते कार्बन डाय-ऑक्साइड वायूच्या रूपाने हवेत गेले, हे उत्तर त्यांना स्वतः शोधू द्यावे. त्यानंतर ॲनिलीनच्या दोन पद्धती फळ्यावर मांडाव्यात. डोळ्यांना न दिसणारा पदार्थही हिशेबात असतो, ही जाणीव ज्या विद्यार्थ्याला एकदा झाली, तो पुढे कारखान्यात अभियंता म्हणून गेला किंवा ग्रामपंचायतीत सदस्य म्हणून निवडून आला, तरी ती विसरणार नाही.

समारोप

सांडपाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठविण्याची वेळ येते, तेव्हा बहुतेक निर्णय होऊन गेलेले असतात. यंत्रे बसलेली असतात, कर्जे उचललेली असतात, माणसे कामावर लागलेली असतात. त्या वेळी प्रक्रिया बदलणे सर्वांनाच जड जाते. याउलट प्रकल्प कागदावर असताना एक रेघ खोडून दुसरी ओढण्यास फारसा खर्च येत नाही. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी, पंचायत सदस्यांनी सुनावणीच्या वेळी आणि शिक्षकांनी वर्गात हा हिशेब मागण्याची सवय लावली, तर उद्योगांची वाढ खुंटणार नाही. ती योग्य वाटेने होईल.

विहीर एकदा बिघडली की तिचे पाणी पुन्हा गोडे होण्यास किती काळ लागेल, हे सांगणे कठीण असते. आत काय जाणार आणि बाहेर काय येणार, हा प्रश्न मात्र कारखान्याची पायाभरणी होण्यापूर्वीच विचारता येतो. तो विचारण्याचा अधिकार त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या प्रत्येकाला आहे.